चाळलेली माती

सडेवाडीत धाकू शिवगणला कुणी नुसतं धाकू म्हणत नाही. 'मातीवाला धाकू' म्हणतात, आणि त्यात अर्धी थट्टा असते, अर्धा मान. पालीच्या बाजारात बियाणं घ्यायला गेला, तर दुकानदाराच्या कुंडीतली माती चिमटीत धरून बघणार. लग्नाला गेला, तर मांडवाच्या खांबाशी उकरलेली माती पाहून नवरीच्या बापाला सांगणार, "हितं भुईमूग बरा व्हईल." चिमूटभर माती जिभेला लावून थुंकायची खोड तर त्याला पोरवयापासूनची. सावित्री, त्याची बायको, वैतागून म्हणायची, "ह्यांना पान वाढूच नये. परसात नेऊन सोडावं."

असला हा माणूस. मातीच्या बाबतीत त्याला कुणी फसवू शकेल असं सांगितलं असतं, तर सगळी वाडी हसली असती. आणि फसवलं तेही मातीतच.

वाडीवरच्या सड्यावर, त्या उघड्या माळावर, शिवगणांची दीड एकर जमीन होती. बाकीच्यांना जमिनी वाडवडिलांनी ठेवल्या, शिवगणांच्या वाडवडिलांनी ती बनवली. मुळात तिथं कातळ. धाकूच्या आज्यानं भोवती दगडाचा बांध घातला आणि खालच्या ओहोळातला गाळ पाटीनं वर आणायला सुरुवात केली. मग बापानं आणला, आईनं आणला. सावित्री लग्न होऊन आली ती दुसऱ्याच उन्हाळ्यात डोक्यावर चुंबळ ठेवून पाट्या वाहू लागली. शेण, राख, पालापाचोळा, गाळ, पुन्हा शेण. साठ-सत्तर वर्षांत त्या उघड्या कातळावर हातभर काळपट तांबडी माती उभी राहिली. तिच्यात नाचणी व्हायची, हरीक व्हायचा, कुळीथ व्हायचे.

गावच्या देवीच्या घटालाही हीच माती. नवरात्र बसायच्या आदल्या दिवशी आप्पा गुरव घमेलं घेऊन यायचा. धाकू आंघोळ करायचा, खुंटीवरची बारीक चाळणी काढायचा आणि माती चाळून, एकूण एक खडा-काडी वेचून मगच घमेल्यात घालायचा. घराबाहेर माती द्यायची तर चाळून द्यायची, हा शिवगणांचा नेम. मग ती देवीला द्या नाहीतर शेजारणीच्या तुळशीला द्या. खड्यांची माती हातावर ठेवणं म्हणजे पाहुण्याला उष्टं वाढणं, असं धाकूची आई सांगायची.

दहा वर्षांपूर्वी सड्याखाली बॉक्साइट असल्याचं निघालं आणि कंपनीची माणसं वाडीत आली. जमीन दहा वर्षांसाठी द्या, खणून झालं की खड्डा बुजवून, वर माती पसरून, पिकाजोगी करून परत देऊ, असं बोलणं झालं. वाडीतल्या अकरा घरांनी होकार दिला. बाराव्या घरात धाकू पडवीत पाय पसरून बसला आणि म्हणाला, "माजी माती मी पाटीनं आनलीय. तुमी ती डंपरनं न्येनार. न्हाय जमायचं."

त्याला राजी केलं ते विनीतनं.

विनीत हा धाकूच्या बहिणीचा, गोदाचा मुलगा. नवरा गेल्यावर गोदा मुंबईला कामाला लागली आणि पाच वर्षांचा विनीत मामाकडे राहिला. धाकू-सावित्रीला पोटी मूल नव्हतं, तेव्हा तो भाचा कुठे संपायचा आणि मुलगा कुठे सुरू व्हायचा, हे कुणी बघत बसलं नाही. सावित्रीनं त्याला मांडीवर घेऊन हरकाचा भात नि ताक भरवलं. धाकूनं त्याला माती शिकवली. मुठीत ओली माती दाबून गोळा कसा करायचा, कमरेच्या उंचीवरून टाकला की तो कसा फुटायला हवा, कुठल्या मातीला शिळ्या पेजेचा वास येतो आणि कुठलीला काहीच येत नाही. पुढे विनीतनं शेतकीचा डिप्लोमा केला, आणि खाण सुरू व्हायच्या वर्षीच त्याला तिथं पर्यावरण सहायक म्हणून नोकरी लागली. त्या दिवशी धाकूनं वाडीभर पेढे वाटले.

"मामा, आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही," पडवीत बसून विनीत समजावू लागला. "नियम आहेत. खणताना तीन ढीग वेगळे करायचे. वरची माती एकीकडे, मधला दगड-मुरूम एकीकडे, खालची पांढरी चिकणमाती एकीकडे. खड्डा भरताना उलटं जायचं. चिकणमाती तळाला, तिच्यावर मुरूम, आणि सगळ्यात वर आपली माती. एक फूट तरी हवीच. शंभर भागांत पंधराच्या वर खडा नको. आंबट-खारटपणा मापात हवा. वरच्या दोन हातांत पांढरी चिकण लागली, तर जमीन नापास."

"जमीन बी नापास व्हते?"

"होते तर! नापास झाली तर कंपनीला पुन्हा सगळं करायला लागतं. मामा, मी आहे ना तिथं. तुझी माती माझ्या डोळ्यांसमोर असेल."

धाकूनं सही केली. वर एक अट घातली, मातीच्या ढिगाची राखण मी करणार. कंपनीला राखणदार हवाच होता.

मग नऊ वर्षं धाकूनं त्या ढिगाची जी बडदास्त ठेवली, ती लोक जावयाची ठेवत नाहीत. ढीग फार उंच झाला की तळाची माती गुदमरते असं विनीतनं सांगितलं होतं, म्हणून तो डोक्याच्या वर जाऊ दिला नाही. एकदा एका डंपरवाल्यानं मुरमाची खेप चुकून मातीवर ओतली. धाकूनं दोन दिवस बसून तो मुरूम हातानं वेचला, आणि डंपरवाल्याला जे काही ऐकवलं ते इथं लिहिण्याजोगं नाही. ढीग उघडा राहिला तर मातीतला जीव जातो, वर काहीतरी उगवतं ठेवायला हवं, हेही विनीतचंच सांगणं. कंपनीनं कसल्याशा गवताचं बी दिलं. धाकूनं ते बाजूला ठेवलं आणि आईच्या गाडग्यातलं हरकाचं बी पेरलं. आता आजूबाजूच्या पाच गावांत हरीक कोण करतो? कुणी नाही. कांडायला कष्टाचा, खायला जाडाभरडा. पण मुळं अशी की मुसळधार पावसातही माती धरून ठेवतील. पिकलेला अर्धा हरीक धाकू कापायचा, अर्धा तिथंच झडू द्यायचा.

"मामा, या मातीत आता इतकं बी साठलंय," विनीत एकदा हसत म्हणाला होता, "की ही कुठेही टाक, हरीकच उगवेल."

राखणदाराच्या पत्र्याच्या खोलीत धाकूनं कोकम सरबताच्या रिकाम्या बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या. दर वर्षी पावसाळा सरला की ढिगातली मूठभर माती बाटलीत घालायची, पाणी ओतायचं, हलवायची नि ठेवून द्यायची. तासाभरात वाळू तळाला, तिच्यावर गाळ, आणि दुसऱ्या दिवशी वर नितळ पाणी. ही युक्ती विनीत कॉलेजातून शिकून आला होता. नऊ बाटल्या झाल्या. नवव्या वर्षीही पाणी पहिल्या वर्षीइतकंच नितळ होतं.

खाण संपत आली. गेल्या माघात विनीत मोटरसायकलवरून पंधरा कोऱ्या कापडी पिशव्या घेऊन घरी आला.

"मामा, ढिगातली माती लॅबला पाठवायची. पसरण्याआधी बघायला लागतं, योग्य आहे की नाही. पंधरा ठिकाणची दे."

धाकूचा ऊर भरून आला. नऊ वर्षं राखलेली माती परीक्षेला बसणार होती. त्यानं आंघोळ केली. ढिगाच्या पंधरा जागांवरून पाट्या भरून आणल्या, खुंटीवरची चाळणी काढली आणि अंगणात चाळायला बसला. सकाळी बसला तो दुपार कलेपर्यंत. खडे एकीकडे, मुळ्या एकीकडे, आणि पिशवीत नुसती पिठासारखी माती. विनीत पडवीत मामीच्या हातचा चहा पीत बसला होता. तो बघत होता. अशा मातीचा नमुना आहे तसा द्यायचा असतो, खड्यांसकट, हे त्याला ठाऊक होतं. तो काही बोलला नाही. पुढे धाकूला ती दुपार फार आठवली.

मग विनीतनं एक कागद काढला. पंधरा ओळी, पुढे रकाने. "पंच म्हणून सही लागते मामा. नऊ वर्षं राखण तू केलीस, मग तुझी सही नको तर कुणाची?"

एक रकाना कोरा होता. धाकूनं बोट ठेवून विचारलं, "हितं काय?"

"ते ऑफिसात भरतात."

धाकूनं पंधरा ओळींसमोर पंधरा सह्या केल्या. शाळा चौथीपर्यंतच झालेली, प्रत्येक सहीला वेळ लागत होता. शेवटची तर त्यानं खाली रेघ मारून केली.

वैशाखात विनीतनंच मामाच्या डोळ्याचं मनावर घेतलं. मोतीबिंदू वाढला होता हे खरंच. देवरूखला शिबिर होतं, तिथं त्यानं नाव घातलं, स्वतः गाडी करून मामा-मामीला पोचवून आला. चार दिवस तिथं, आणि घरी आल्यावर पंधरा दिवस खाली वाकायचं नाही, उन्हात जायचं नाही, धुळीत तर नाहीच नाही. धाकू काळा चष्मा लावून पडवीत बसून राहिला. सड्यावरून डंपरांचा आवाज यायचा.

"कुटं चाललेत रे येवढे डंपर?"

"माती पसरतोय मामा. पावसाआधी आटपायला हवं. तू डोळा सांभाळ."

विसाव्या दिवशी धाकू सड्यावर गेला. ढीग नव्हता, पत्र्याची खोली नव्हती, बाटल्या नव्हत्या. जिथं खड्डा होता तिथं सपाट तांबडी जमीन पसरली होती, रोलर फिरवलेली, दिसायला देखणी. धाकू आपल्या दीड एकराच्या जागी उकिडवा बसला आणि त्यानं खुरपं मारलं. चार बोटांवर खुरप्याला पांढरं लागलं. दहा पावलं पुढे जाऊन मारलं, चार बोटं. मधोमध जाऊन मारलं, तिथं तीनच.

घरी येऊन त्यानं ती माती बाटलीत घातली. दुसऱ्या दिवशी पाणी पेजेसारखं पांढरं. तिसऱ्या दिवशीही तसंच. बाटली घेऊन तो विनीतकडे गेला.

विनीतनं ती उजेडात धरून पाहिली. "नवा भराव आहे मामा. मशीननं पसरतात, कुठे कमी, कुठे जास्त. रोलरनं दबलीय. एक पावसाळा जाऊ दे, फुगून वर येईल."

आता, माती फुगून चार बोटांची एक फूट होत नाही, हे धाकूला समजत नव्हतं असं कुणी म्हणू नये. त्याला ते कुणापेक्षाही चांगलं समजत होतं. पण एका बाजूला बाटली सांगत होती आणि दुसऱ्या बाजूला विनीत सांगत होता. धाकूनं आयुष्यात पहिल्यांदा मातीचं ऐकलं नाही.

जमिनी परत करायची सभा शाळेच्या व्हरांड्यात झाली. रत्नागिरीहून एक साहेब आले होते. माणूस बरा होता, घाईत होता. त्यांनी अहवाल वाचून दाखवला: खडे शंभरात तीन, आंबट-खारटपणा मापात, पोत उत्तम, माती शेतीस योग्य. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धाकू उभा राहिला.

"सायेब, कागद बरोबर हाय. पन ती माती खाली न्हाय. चार बोटांवर पांढरी लागतेय."

साहेबांनी पानं उलटली. "नमुने भरलेल्या जमिनीवरूनच घेतलेत. पंधरा जागा आहेत. हे बघा, पहिली जागा, उत्तरेकडचा कोपरा. दुसरी जागा, त्याच्या दक्षिणेला. ही पंचाची सही." त्यांनी फाइल पुढे केली. "धाकू बाळू शिवगण. तुम्हीच ना?"

धाकूनं पाहिलं. पंधरा सह्या, शेवटच्या खाली रेघ. आणि तो कोरा रकाना आता कोरा नव्हता, त्यात ठिकाण भरलं होतं.

त्यानं मान वर करून विनीतकडे बघितलं. विनीत मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होता.

सभा संपल्यावर शाळेमागे विनीतनं त्याला गाठलं. "मामा, फॉर्म भरायची एक पद्धत असते. माती आधी तपासली काय, नंतर तपासली काय, एकच ना? तीच पसरलीय. उगाच चार लोकांत..." धाकू वाटेला लागला. घरी सावित्रीनं विचारलं तेव्हा त्यानं एवढंच सांगितलं की कागद पास झाला. सहीचं तो बोलला नाही. ते सांगायची त्याला लाज वाटली.

पावसाळ्यात त्या जमिनीवर त्यानं नाचणी लावून पाहिली. आषाढातच वरची चार बोटं ओघळून खाली ओहोळात गेली. तांबडं पाणी चार दिवस वाहिलं, मग पांढरं वाहू लागलं. सावित्री बांधावर उभी राहून बघत होती. "ज्या व्हळातनं आनली, त्याच व्हळात गेली," ती म्हणाली. धाकूनं मनात हिशेब घातला. ओहोळात गेली ती चार बोटं. हातभर होती, बाकीची कुठे गेली? डंपरवाल्यांनी विकली असणार, असं त्यानं ठरवलं. विनीतला तरी काय माहीत, तो ऑफिसात असतो. माणसाला ज्याच्यावर संशय घ्यायचा नसतो, त्याच्यासाठी तो किती कारणं जमवतो बघा.

गणपती झाले, पितृपक्ष सरत आला, तेव्हा विनीतचा फोन आला. पूर्णगडच्या वाटेवर त्यानं कातळ घेऊन यंदाच हापूसची बाग केली होती. वाडीत त्याचं कौतुक होतंच. ब्रेकरनं खड्डे पाडून, माती भरून, दोनशे बारा कलमं लावली होती.

"मामा, आता तुला इथं काम नाही. माझ्याकडे राखणीला ये. खोली बांधलीय, वीज आहे, समुद्राचा वारा आहे. मामीलाही घेऊन ये नंतर. खड्ड्यांत रान माजलंय, तेवढं बेणून काढायला हवं."

धाकूला बरं वाटलं. पोराला आपली आठवण आहे. सावित्रीनं थैलीत दोन जोड कपडे भरून दिले, डब्यात तांदळाची भाकरी दिली, विनीतला आवडतं म्हणून फणसाच्या आठळ्यांचं सुकं दिलं. पालीहून रत्नागिरी, रत्नागिरीहून दुसरी एसटी, असं करत तो दुपारी बागेत पोचला. विनीत फाटकाशी उभाच होता. वाकून पाया पडला.

बाग खरंच देखणी होती. काळा कातळ लांबवर पसरलेला, मधे ओळीनं कलमं, पलीकडे समुद्र. "बघ, तेवढं गवत आहे," विनीत म्हणाला आणि फोन आला म्हणून बाजूला गेला.

धाकू पहिल्या कलमापाशी उकिडवा बसला. खड्डाभर रान गुडघ्याएवढं वाढलं होतं. उपटायला त्यानं हात घातला आणि हात तसाच राहिला. खोडाशी जांभळट रंग, ताठ पातं, वर दाणे धरलेली कणसं.

हरीक.

तो दुसऱ्या कलमापाशी गेला. हरीक. तिसऱ्यापाशी, चौथ्यापाशी. मग तो पहिली ओळ संपेपर्यंत चालला, दुसरी ओळ चालला, तिसरी चालला. ज्या कातळावर देव जन्मल्यापासून कुणी मूठभर काही पेरलं नव्हतं, तिथं दोनशे बारा खड्ड्यांत त्याच्या आईच्या गाडग्यातला हरीक डोलत होता. धाकूनं चिमूटभर माती उचलून जिभेला लावली. थुंकायला मात्र त्याला झालं नाही.

विनीत फोन संपवून आला आणि मामाचा चेहरा पाहून थांबला. त्यानं खाली हरकाकडे बघितलं. शेतकीचा डिप्लोमा केलेल्या, हरकाच्या भातावर वाढलेल्या मुलाला आपल्या बागेतलं रान ओळखू आलं नव्हतं. किंवा तीन महिन्यांत त्यानं वाकून कधी पाहिलंच नव्हतं.

"मामा, ऐकून घे," तो म्हणाला. "वरच्या साहेबांनी माती विकायलाच काढली होती. मी घेतली नसती तर दुसऱ्यानं नेली असती. तिथं पसरली असती तर एका पावसात वाहून गेली असती. इथं जिवंत तरी आहे."

"डोळ्याचं शिबिर तूच बगितलंस."

"डोळा बरा झाला ना तुझा?"

"झाला. म्हनून तर दिसतंय." धाकू उठून उभा राहिला. "कागदावर खड्ड्याच्या जागा तूच लिवल्यास. माज्या सहीम्होरं."

"हो. आणि खडे शंभरात तीन कसे आले?" विनीतचा आवाज चढला. चूक करणाऱ्याचा चढतो तसा. "मी चाळायला सांगितलं होतं का मामा? तू चाळलीस. मी फक्त बसलो होतो."

खरंच होतं ते. तो नेम त्या पोरानं पाच वर्षांचा असल्यापासून पाहिला होता. मामा माती चाळल्याशिवाय देणार नाही, हे त्याला सांगायला लागलं नव्हतं, की विचारायला लागलं नव्हतं.

"राग येणार तुला, मला माहीत होतं," विनीत जरा नरमला. "पण बघ, तुझ्याच मातीची राखण करायची आहे. नऊ वर्षं तेच केलंस ना? काय वेगळं आहे?"

"मामीला सांगू का मंग तसंच?"

विनीतची नजर खाली गेली. "मामीला नको," तो म्हणाला.

धाकूनं थैलीतले कपडे काढून काखेत मारले. मामीनं दिलेला डबा खोलीच्या पायरीवर ठेवला, कारण तो विनीतसाठी दिलेला होता आणि अन्नाचा काही दोष नव्हता. मग त्यानं पहिल्या कलमाभोवतालचा हरीक उपटायला घेतला. जन्मभराच्या सवयीनं मुळं झटकून माती खड्ड्यात पाडायला हात वर गेला. त्यानं तो खाली घेतला. मुळांना लागलेल्या मातीसकट ते ठोंब त्यानं थैलीत घातले, वर दोन्ही हातांनी माती भरली, आणि फाटकातून बाहेर पडला. मागून विनीतनं दोन हाका मारल्या. तिसरी मारली नाही.

एसटीत कंडक्टर म्हणाला, "आजोबा, थैलीत काय एवढं जड?"

"माती."

"कुठली?"

"घरची."

सावित्री अंगणात होती. नवरा सकाळी गेला नि संध्याकाळीच परत आला, म्हणजे काहीतरी बिनसलं, एवढं तिला लांबूनच कळलं. तिनं थैलीत हात घातला, ढेकूळ बाहेर काढलं, बोटांनी फोडलं, हुंगलं. चाळीस वर्षं डोक्यावरून वाहिलेली माती, तिला ओळखायला चष्मा नको होता.

"ही आपली," ती म्हणाली. आणि मग, "बाकीची कुटं हाय?"

"विनीतच्या बागंत."

ढेकळाचा चुरा बोटांतून गळत होता तो तिनं दुसऱ्या हातात धरला.

"आन् कागदावर ती खड्ड्यातली म्हनून लिवून दिली कुनी?"

"सही माजी हाय," धाकू म्हणाला, आणि माघातल्या त्या दुपारपासूनचं सगळं त्यानं सांगितलं. चाळणीचंही सांगितलं. सगळं ऐकून ती आत गेली, चुलीपाशी बसली, आणि पदर तोंडात धरून रडली. माती गेल्यावर ती रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. उद्या घट बसायचे, म्हणून सकाळीच आप्पा गुरव घमेलं घेऊन दारात आला. "धाकू, माती कुठली देतोस यंदा?" त्यानं चाचरत विचारलं. वाडीत सगळ्यांच्याच जमिनी पांढऱ्या पडल्या होत्या.

धाकूनं आंघोळ केलेली होती. त्यानं थैली अंगणात आणली आणि अर्धी माती घमेल्यात ओतली. खडे, मुळ्या, हरकाची पाती, सगळं.

आप्पानं खुंटीकडे बघितलं. चाळणी तिथंच होती. "चाळणार नाहीस?"

"न्हाय. हाय तशी ने. द्येवीला चालंल."

उरलेली अर्धी त्यानं एका स्वच्छ कापडी पिशवीत भरली आणि तोंड सुतळीनं आवळलं. मग आतून वहीचं पान आणलं आणि आप्पापुढे धरलं. आप्पाचं अक्षर चांगलं होतं, देवळाच्या पाट्या तोच लिहायचा.

"उद्या घट बसले की परवा रत्नागिरीला जायचं, त्या सायबाकडं. म्या माती चाळून दिली व्हती, आन् सही केली तवा रकाना कोरा व्हता, त्ये सांगायला. ही पिशवी दाखवायला. आदी ठिकान लिव. मंग सही करतू."

"काय ठिकाण?"

"विनीत रेवाळे याची बाग, पूर्णगड."

आप्पाचा हात थांबला. "आपल्या विनीतची?" त्यानं धाकूकडे बघितलं. धाकूनं पानावर बोट ठेवलं.

उंबऱ्यातून सावित्री म्हणाली, "लिवा."

आप्पानं लिहिलं. धाकूनं ते अक्षर अक्षर लावून वाचलं, रकाना भरलेला आहे हे बोट फिरवून पाहिलं, आणि मग सही केली.